परवाना खिशात, संच हातात. आवाज मात्र पोहोचलाच नाही



गोष्ट भादव्यातली आहे. दोन दिवसांची झड उघडली आणि उघाड मिळताच सारा गाव पऱ्हाटीवर फवारणीला लागला. नाल्याचा पूर ओसरला नव्हता. लाइट दोन दिवसांपासून गेलेली, त्यामुळे मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही बसलेली. अकराच्या सुमारास फवारणीवरचा एक मजूर भोवळ येऊन सरीत पडला. डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ, अंग घामाने चिंब. फवारणीची विषबाधा कशी असते हे आपल्याला कुणी सांगायला नको. २०१७ साली एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर याच कारणाने गेले.

त्या गावात आपला एक तरुण कार्यकर्ता आहे. त्याच्याकडे हॅम रेडिओचा परवाना आहे आणि हातात धरायचा एक स्वस्तातला वायरलेस संचही आहे. सात किलोमीटरवर तालुक्याच्या गावी आपला दुसरा परवानाधारक माडीवर संच लावून बसलेला होता. तिथे फोन चालू होते. निरोप पोहोचता, तर १०८ ची गाडी मोठ्या पुलापाशी येऊन उभी राहिली असती. गावातला पोरगा पाण्याच्या टाकीवर चढला आणि वीस मिनिटे हाका मारत राहिला. खटका दाबला की संचाचा लाल दिवा लागायचा. टेकडीवरच्या रिपीटरवरून इतरांचे बोलणे त्याला स्वच्छ ऐकू येत होते. त्याचे बोलणे मात्र कुणालाही ऐकू गेले नाही.

शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून, बावीस किलोमीटरचा फेरा मारून मजुराला दवाखान्यात नेले. अडीच तास गेले. माणूस वाचला. पण तो वाचला त्याच्या नशिबाने, आपल्या तयारीने नव्हे.

संध्याकाळी बाजेवर दोन्ही संच ठेवून आम्ही तपासायला बसलो. संच नादुरुस्त नव्हता. बॅटरी भरलेली होती. चूक एकच होती. त्या टेकडीवरच्या रिपीटरला उघडायला एक ठराविक सूर लागतो, आणि तो सूर गावातल्या संचात भरलेलाच नव्हता. ज्या दुकानातून संच घेतला, तिथल्या पोराने ‘सगळे भरून दिले आहे’ असे सांगितले होते. आपल्या कार्यकर्त्याने विश्वास ठेवला. आणि ‘दुकानदार भरून देतो, तुम्हाला काही करावे लागत नाही’ असे त्याला सांगणारे दुसरे कुणी नव्हते, आम्हीच होतो.

म्हणून हा लेख. परवाना होता, संच होता, विद्या नव्हती.

शिफारशीची जुनी खोड

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो. पदवी घेतली आणि गावोगाव शिफारशी वाटत फिरलो. हेक्टरी इतके किलो, पंपाला इतके मिली, इतक्या दिवसांनी दुसरी पाळी. का, ते सांगायची आम्हाला गरज वाटली नाही आणि विचारायची शेतकऱ्याला सोय नव्हती. त्याचा शेवट काय झाला? आज शेतकरी बोंडअळीचे पान घेऊन कृषी केंद्राच्या काउंटरवर उभा राहतो आणि दुकानदार जी बाटली देईल ती घेऊन घरी येतो. ज्ञान शेतकऱ्याच्या हाती गेलेच नाही. त्याच्या हाती फक्त चिठ्ठी गेली.

या संचाच्या बाबतीतही नेमके तेच घडते आहे. यूव्ही-५आर नावाचा बाओफेंगचा संच २०१२ च्या सुमारास बाजारात आला. त्याच्या आधी असा संच घ्यायचा म्हणजे बैलजोडी विकायची पाळी. आता तो आणि त्याची भावंडे दोन-तीन हजारांत मिळतात. चार-पाच वॅट ताकद, १२८ जागा, वर टॉर्च आणि आकाशवाणीचे एफएमसुद्धा. संच स्वस्त झाला ही चांगली गोष्ट आहे. पण स्वस्त संच आणि दुसऱ्याने भरलेले आकडे, ही जोडी म्हणजे आपल्या घराला दुसऱ्याचे कुलूप. आकडा बदलायचा झाला की पुन्हा त्याच्या दारात. आणि पुरात त्याचे दार बंद असते.

बांधावरची हाक आणि माळ्यावरचा गडी

वायरलेसवर बोलण्याच्या दोन रीती आहेत. त्या समजल्या की अर्धे काम झाले.

पहिली रीत सिंप्लेक्स. या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तशी. दोघांच्या संचात एकच फ्रिक्वेन्सी. एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, मग उलट. मध्ये कुणी नाही, कुणावर अवलंबून राहणे नाही. पण हाक जाईल तेवढीच जाईल.

किती जाईल याचा ढोबळ हिशेब असा. या लहरी बहुतांशी सरळ जातात, टेकडीआड वळत नाहीत. तुमचा अँटेना जमिनीपासून किती मीटर उंच आहे त्याचे वर्गमूळ काढा आणि चाराने गुणा. तेवढे किलोमीटर तुमचे क्षितिज. उभ्या माणसाच्या हातातला संच दीड मीटरवर असतो, म्हणजे जवळपास पाच किलोमीटर. समोरच्याचेही पाच. दोन्ही मिळून दहा. सोळा मीटर उंच टाकीवर चढलात, तर तुमच्या एकट्याचे सोळा झाले. हा सपाट रानाचा, कागदावरचा हिशेब आहे. पुरुषभर उंच ओल्या ज्वारीत उभे राहून बोलाल तर निम्मेही मिळणार नाही. म्हणून ज्वारीतून बाहेर या, बांधावर चढा, संच उभा धरा. एक वॅट ताकद वाढवण्यापेक्षा पाच मीटर उंची वाढवणे नेहमी फायद्याचे.

दुसरी रीत रिपीटर. ज्वारीच्या राखणीला माळ्यावर गडी बसतो ना, तसा. तो उंचावर असतो म्हणून त्याला खालच्या सगळ्यांची हाक ऐकू येते, आणि तो तीच हाक मोठ्याने पुढे देतो. टेकडीवरचा रिपीटर नेमके हेच करतो. आजूबाजूच्या रानापेक्षा टेकडी ४०० मीटर उंच असेल, तर वरच्या हिशेबाने त्याचे क्षितिज ८० किलोमीटरचे. म्हणून हातातला छोटा संच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाशी बोलू शकतो.

पण रिपीटरला एकाच वेळी ऐकायचे असते आणि बोलायचेही असते. एकाच फ्रिक्वेन्सीवर त्याला ते जमत नाही, त्याचाच आवाज त्याच्या कानात शिरेल. म्हणून त्याचा कान एका आकड्यावर आणि तोंड दुसऱ्या आकड्यावर. दोन मीटरच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्याकडे हॅमसाठी मोकळ्या असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, या दोहोंत साधारणपणे ६०० किलोहर्ट्झचा फरक ठेवतात. शिवाय भलत्यासलत्या खरखरीने रिपीटर उघडू नये म्हणून त्याला कुलूप असते. बोलताना आपल्या आवाजाखाली एक बारीक सूर सतत पाठवावा लागतो. माणसाच्या कानाला तो जवळपास जाणवत नाही, पण रिपीटर त्याच सुराने उघडतो. त्याला सीटीसीएसएस टोन म्हणतात. आपल्या पोराच्या संचात नव्हती ती हीच किल्ली.

संचात नेमके काय भरायचे

कागदावर सहा गोष्टी लिहून घ्या आणि तो कागद संचाच्या पिशवीतच ठेवा.

एक, ऐकण्याचा आकडा. रिपीटर ज्यावर बोलतो, तो आपण ऐकायचा. नमुन्यादाखल समजा १४५.३००. (हे आकडे समजण्यापुरते आहेत. आपल्या भागातले खरे आकडे तिथल्या परवानाधारकांकडून घ्यावेत.)

दोन, फरकाची दिशा. रिपीटरचा कान खालच्या आकड्यावर असेल तर वजा, वरच्या आकड्यावर असेल तर अधिक. आपल्या नमुन्यात वजा.

तीन, फरक किती. आपल्या नमुन्यात ०००.६००. म्हणजे खटका दाबताच संच १४५.३०० सोडून १४४.७०० वर जाऊन बोलेल.

चार, टोन. समजा ८८.५ हर्ट्झ. ८८.५ च्या जागी ९१.५ भरला तर रिपीटर उघडणार नाही. कुलपाला जवळपासची किल्ली चालत नाही.

पाच, रुंदी. संचात वाइड आणि नॅरो असे दोन पर्याय असतात. सगळ्यांचे वाइड असताना आपले नॅरो राहिले, तर आपला आवाज विहिरीतून आल्यासारखा बारीक जातो.

सहा, ताकद. जवळच्या बोलण्याला कमी ठेवा, बॅटरी टिकते.

आता हातांनी कसे भरायचे. मूळ यूव्ही-५आरचे मेनूचे क्रमांक आम्ही देतो. पुढच्या नमुन्यांत ते वेगळे असू शकतात, म्हणून पडद्यावरचे नावही वाचा. संच व्हीएफओवर घ्या, वरची ओळ निवडा. सातव्या क्रमांकाचे टीडीआर बंद करा, नाहीतर संच दोन ओळींत उड्या मारतो आणि आपण भलत्याच ओळीवर बोलतो. जी जागा वापरायची ती आधी २८ क्रमांकाने रिकामी करा. आकडा टाका. मग १३ क्रमांकावर टोन (टी-सीटीसीएस), २५ वर दिशा (एसएफटी-डी), २६ वर फरक (ऑफसेट), ५ वर रुंदी. त्यानंतर २७ क्रमांकाने (मेम-सीएच) जपून ठेवा.

इथे बहुतेकांची गाडी रुतते. या संचात रिपीटर दोनदा जपून ठेवावा लागतो: एकदा ऐकण्याचा आकडा, एकदा बोलण्याचा. पहिल्यांदा जपल्यावर ताऱ्याची कळ हलकेच दाबा. पडद्यावर आकडा उलटतो, १४४.७०० दिसतो. मग पुन्हा २७ वर जाऊन त्याच जागेवर दुसऱ्यांदा जपा. दुसरी फेरी विसरलात, तर ती जागा सिंप्लेक्सच राहते. तुम्ही रिपीटर ऐकत राहाल आणि रिपीटर तुम्हाला ऐकणार नाही.

सिंप्लेक्सची जागा भरणे याहून सोपे. दिशा बंद, टोन बंद, आकडा टाका आणि एकदाच जपा. मात्र आकडा निवडताना रिपीटरच्या जागा आणि १४५.८ च्या वरची उपग्रहांची जागा सोडा.

दहा-बारा संच असतील तर हाताने भरत बसू नका. चर्प नावाची प्रणाली संगणकावर फुकट मिळते, सोबत एक केबल लागते. नियम एकच: आधी संचातला मजकूर संगणकात घ्या, तो जसाच्या तसा जपून ठेवा, मगच बदल करा आणि परत संचात घाला. बिघडले तर मूळ परत घालता येते. त्यात टोनच्या रकान्यात ‘टोन’ आणि ‘टीएसक्यूएल’ असे पर्याय दिसतील. ‘टोन’ म्हणजे आपण सूर पाठवायचा. ‘टीएसक्यूएल’ म्हणजे समोरूनही तो सूर आला तरच आपला संच बोलणार. नवशिक्याने ‘टोन’ ठेवावे. नाहीतर समोरचा हाका मारतो आहे आणि आपला संच मुका, अशी गत होते.

एक गोष्ट त्या संध्याकाळी आम्हाला फार लागली. पोराचा आवाज रिपीटरने उचलला नाही, पण तो हवेत गेला होताच, १४४.७०० सारख्या खालच्या आकड्यावर. तालुक्याचा माणूस वरच्या आकड्यावर कान देऊन बसला होता. एक या काठावर, दुसरा त्या काठावर. तालुक्याच्या माणसाने नुसती ताऱ्याची कळ दाबून आकडा उलटवला असता, तर सात किलोमीटरवरून, टाकीवरून, पोराचा आवाज थेट त्याच्या कानात पडला असता आणि त्याचे उत्तरही पोराला पोहोचले असते. रिपीटरची गरजच नव्हती. एका कळीचे काम होते आणि दोघांनाही ती कळ ठाऊक नव्हती. आम्हालाही नव्हती.

म्हणून आता आमचा नियम असा: रिपीटर गप्प असेल, तर दर तासाच्या ठोक्याला पहिली पाच मिनिटे ठरलेल्या सिंप्लेक्सवर ऐकायचे. टेकडीवरच्या रिपीटरलाही वीज लागते, त्याचीही बॅटरी बसते. माळ्यावरचा गडी झोपला तर बांधावरून हाक मारायची सवय सुटता कामा नये. आणखी दोन बारीक गोष्टी. खटका दाबून क्षणभर थांबा, मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आणि संचासोबतचा वीतभर रबरी अँटेना अपुरा पडत असेल, तर त्याच्या बुडाशी, बाहेरच्या धातूच्या कड्याला, अर्धा मीटर तारेचे शेपूट लटकवा. दोन मीटर लहरीचा चौथा हिस्सा तेवढाच भरतो. फुकटात पुष्कळ फरक पडतो. मात्र विजा कडाडत असताना टाकीवर चढायचे नाही, तार टांगायची नाही. निरोप महत्त्वाचा, पण निरोप देणारा आधी जगला पाहिजे.

परवान्याचा प्रश्न

कुणी म्हणेल, परवाना-राजला विरोध करणारी माणसे तुम्ही, आणि आता आम्हाला परवाना काढा म्हणता?

होय, म्हणतो. कारण हवा ही कुणाचे शेत नाही. ती पाणंद आहे. पाणंदीतून सगळ्यांच्या गाड्या जायच्या असतात. एकाने तिच्यात नांगर घातला की सगळ्यांची वाट बंद. हा संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकतो, पण त्यातल्या १४४ ते १४६ शिवाय बाकीची जागा हॅमची नाही. तिथे सरकारी खाती आणि इतर परवानाधारक काम करतात. दुसऱ्याच्या जागेवर खटका दाबणारा कदाचित कुणाची तरी जिवाची हाक बुजवत असतो. ज्याला हे समजते त्याच्याच हाती संच असावा, हे आम्हाला मान्य आहे. परीक्षेला आमचा विरोध नाही. परीक्षा हवीच.

आणि स्पष्ट सांगतो: आपल्या देशात परवान्याशिवाय असा संच वापरणेच नव्हे, बाळगणेही गुन्हा आहे. ‘नुसता ऐकायला घेतला’ हे चालत नाही. २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. संच कोणत्या फ्रिक्वेन्सीचा, परवाना लागतो की नाही, हे विकणाऱ्याने सांगायला हवे. तरीही पार्सल घरी येते म्हणजे कायदेशीर असते, असे समजू नका.

हॅमच्या परीक्षेला वय १२ वर्षे पूर्ण लागते. डिग्री लागत नाही. दोन श्रेणी आहेत. मर्यादित श्रेणीला मोर्सची कडकट्ट शिकावी लागत नाही आणि हातातल्या संचासाठी ती श्रेणी पुरते. रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम, एवढाच अभ्यास. दहावी झालेल्या आपल्या पोरापोरींना तो मुळीच जड नाही. अर्ज केंद्राच्या सरल संचार पोर्टलवर होतो.

या रेडिओवर काय बोलायचे नाही तेही ऐका. धंद्याचे बोलणे चालत नाही. कापसाचा भाव, गाडीचे भाडे, बी-बियाण्याची मागणी, काही नाही. राजकारण चालत नाही. म्हणजे आपल्या मोर्चाचे आणि रास्ता रोकोचे निरोपही यावर नाहीत. आम्ही हे जिल्ह्याच्या बैठकीत बजावून सांगणार आहोत. ज्या दिवशी आपण हा रेडिओ आंदोलनाला जुंपू, त्या दिवशी आपले परवाने जातील, आणि पुढच्या भादव्यात टाकीवर चढायला कुणी उरणार नाही.

ज्यांना परवान्यात पडायचे नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा बारीक पट्टा छोट्या संचांसाठी परवानामुक्त आहे. ताकद अर्धा वॅट. शेतातून घरापर्यंत, या वावरातून त्या वावरापर्यंत, किलोमीटर-दोन किलोमीटरचे काम तो करतो. यात रिपीटर नाही, फक्त सिंप्लेक्स. पण संच त्याच कामासाठी बनलेला आणि मान्यता मिळालेला हवा. पाच वॅटच्या हॅम संचात ४४६ चा आकडा भरला म्हणजे तो परवानामुक्त झाला, असे होत नाही. बैलाला झूल घातली म्हणून त्याचा घोडा होत नाही.

मोबाइल असताना हे कशाला?

हा प्रश्न शहरातून आलेले पाहुणे हमखास विचारतात. ज्यांच्या घरची लाइट दोन-दोन दिवस जात नाही त्यांनी तो विचारावाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात सुमारे १० हजार माणसे गेली. त्या ढिगाऱ्यांत निरोप पोहोचवायला जी माणसे धावली त्यांत हॅम होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या दिल्लीच्या हॅम आणि त्यांचे साथीदार अंदमानात पोर्ट ब्लेअरला आधीपासूनच आपल्या छंदासाठी रेडिओ लावून बसले होते. छंद बाजूला ठेवून त्यांनी बेटांवरचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोहोचवले. ते काम त्यांनी लघुलहरींच्या मोठ्या संचावर केले, या दोन-तीन हजारांच्या संचावर नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. संकट यायच्या आधी त्यांना संच येत होता. संकट आल्यावर कुणी पुस्तक उघडले नाही.

आपल्या कोरडवाहू मुलखात संकट एवढे मोठे नसते. ते एकेकट्याचे असते. वीज पडते, साप चावतो, फवारणी लागते, नाला चढतो. अशा संकटाची बातमी होत नाही. त्याला कुणी पथक येत नाही. तिथे शेजाऱ्यालाच जावे लागते, आणि शेजाऱ्याला आधी कळावे लागते. मोबाइल ते काम बहुतेक दिवस करतो. उरलेल्या दिवसांसाठी हे.

जिल्हा बैठकीपुढे

आमच्या मागण्या दोन बाजूंना आहेत.

सरकारकडे: परीक्षा मोठ्या शहरांच्या केंद्रांत न अडकता प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षातून दोनदा तरी व्हावी. प्रश्नपत्रिका मराठीत मिळण्याचा हक्क असावा. आणि पास झाल्यावर परवाना ठराविक मुदतीत हातात पडावा. आपल्या एका कार्यकर्त्याने पास झाल्यावर महिनेच्या महिने वाट पाहिली. विचारायला गेले की उत्तर एकच, ‘चौकशी चालू आहे’. चौकशी जरूर करा, पण तिला मुदत घाला. पेरणीची तारीख चुकली तर शेतकऱ्याला कुणी मुदतवाढ देत नाही.

आपल्या स्वतःकडे: प्रत्येक सर्कलमधून दोघांनी, त्यांत एक तरी मुलगी किंवा बाई असावी, या हंगामात परीक्षेला बसावे. बाईचे नाव आम्ही शोभेला घातलेले नाही. वेचणीच्या वेळी रानात जास्त बायाच असतात. परवाना मिळाला की संच स्वतःच्या हाताने भरावा, पुसून टाकावा आणि पुन्हा भरावा. कागद न बघता तीनदा जमले की शिकला असे समजावे. दर अमावास्येला आठ वाजता रिपीटरवर आणि सव्वाआठला सिंप्लेक्सवर एकमेकांची हजेरी घ्यावी. जो ऐकू आला नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन संच पाहावा.

जिल्हा बैठकीत दुपारच्या जेवणानंतर परवानाधारक कार्यकर्ते दोन संच घेऊन बसतील. त्यांतला एक मुद्दाम चुकीचा भरलेला असेल. कुठे चूक आहे ते तुम्ही शोधायचे. ते दाखवायला तोच पोरगा येणार आहे, जो त्या दिवशी टाकीवर वीस मिनिटे उभा होता. त्याच्या संचात आता तेरा क्रमांकावर टोन आहे, आणि तो त्याने स्वतः भरला आहे.

भरून देणाऱ्यांच्या आधाराने आपण पुष्कळ वर्षे काढली. आता भरायला शिकू या.